मुलाला राखाडी फौज आवडते. गेटिसबर्ग कसं सांगू?

पत्र: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सात. मुलाने लायब्ररीतून अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईवरचं (१८६३) चित्रांचं पुस्तक आणलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. हॉलमध्ये निळ्या (उत्तरेच्या) आणि राखाडी (दक्षिणेच्या) प्लॅस्टिकच्या सैनिकांची फौज मांडलेली असते. तो कायम राखाडी बाजू घेतो, कारण तिचा सेनापती जनरल ली 'कूल' आहे आणि 'कमी सैनिक असूनही लढला'. साताऱ्याहून त्याचे आजोबा व्हिडिओ कॉलवर पावनखिंड सांगतात, पानिपत सांगतात. हेही त्याला तसंच वाटतं. जुलैत गेटिसबर्गला जायचा बेत आहे. नवरा म्हणतो, गुलामगिरी, मृत्यू हे सगळं एवढ्यात नको, लढाई बघू दे, मजा करू दे. मी इंजिनिअर, अमेरिकेच्या इतिहासात कोरी पाटी. परवा त्याने विचारलं, "तेव्हा आपण कुठल्या बाजूला होतो?" मी म्हटलं, आपण तेव्हा इथे नव्हतोच. त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही. धाकटी विचारते, ते खरंच मेले का? सुरुवात कुठून करू?
– एक आई

ताई,

सुरुवात लढाईपासून करू नका. पुस्तकात पहिल्याच पानावर तोफा असतील, पण तुम्ही तीन वर्षं मागे जा. १८६० साली अमेरिकेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम होती. त्यांची खरेदी-विक्री होई, ती वारसाहक्काने मिळत, आई एका मालकाकडे आणि मूल दुसऱ्याकडे जाई. एवढं दहा वर्षांच्या मुलाला नक्की झेपतं. आई-मुलाची ताटातूट म्हणजे काय हे त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं. मग लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, ही त्याच्या पक्षाची भूमिका. त्यावर दक्षिणेतली राज्यं एकेक करून फुटली, शेवटी ११ झाली, आणि त्यांनी आपला वेगळा देश जाहीर केला. लिंकनने तो मानला नाही. युद्ध पेटलं ते असं.

'युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतं, राज्यांच्या हक्कांसाठी होतं' हे वाक्य मुलाच्या कानावर कधीतरी पडणारच. त्यावर उलटा प्रश्न विचारायला शिकवा: कशाचा हक्क? मिसिसिपी राज्याने १८६१ मध्ये बाहेर पडताना आपली कारणं लिहून जाहीर केली. आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं त्यात सुरुवातीलाच म्हटलंय. तुमच्या-माझ्या मताचा प्रश्नच उरत नाही.

उत्तरेला देवघरात बसवायचीही गरज नाही. लिंकन आधी देश एकत्र ठेवण्यासाठी लढत होता. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने त्याने बंडखोर भागातल्या गुलामांना मुक्त जाहीर केलं, पण मेरीलँडसारख्या त्याच्या बाजूच्या राज्यांत गुलामगिरी तेव्हाही चालूच होती. संपूर्ण देशातून ती कायद्याने गेली डिसेंबर १८६५ मध्ये. मुलांना वाटतं त्याहून मोठी माणसं हळू शहाणी होतात, हे त्याला लवकर कळलेलं बरं.

तुमच्या यजमानांचं अर्धं म्हणणं मला पटतं. दहा वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियेच्या तंबूबाहेरचे हातापायांचे ढीग दाखवायची काही गरज नाही. पण गुलामगिरी गाळली तर मागे उरते निळ्या-राखाडीची मॅच, आणि मॅच बघणारं मूल दुबळ्या टीमकडे झुकतंच. त्याचा हिशेब चुकलेला नाही. गेटिसबर्गला उत्तरेचे सुमारे ९० हजार आणि दक्षिणेचे सत्तर हजारांहून थोडे अधिक सैनिक होते. त्याला फक्त अर्धीच माहिती दिली गेली आहे.

त्यात आजोबांच्या गोष्टींनी त्याचा कान तयार झालेला. पावनखिंडीत थोडे असतात ते आपले, आणि न्यायही त्यांच्याकडेच असतो. पानिपतात हरतात तेही आपलेच, म्हणून हार ऐकताना गळा दाटतो. असा कान घेऊन पोर ली-कडे गेलं की थोडे, शूर आणि हरलेले म्हणजे चांगलेच, असं समीकरण आपोआप मांडलं जातं. यात आजोबांचा दोष नाही. अमेरिकेच्या दक्षिणेनेही युद्धानंतर कित्येक दशकं अगदी हीच गोष्ट रचली: आम्ही हरलो, पण आमचा लढा थोर होता. त्यासाठी गावोगाव पुतळे उभे केले, त्यातले बरेचसे लढवय्ये म्हातारे झाल्यावर किंवा गेल्यावर. रिचमंडमधला ली-चा भलाथोरला पुतळा २०२१ मध्ये उतरवला गेला. माणूस शूर असू शकतो आणि त्याची बाजू चुकीची असू शकते, ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दल एका दमात बोलता येतात. तुमच्या मुलाला या उन्हाळ्यात एवढंच आलं तरी पुष्कळ झालं.

आता गाव. १८६३ चं गेटिसबर्ग म्हणजे सुमारे २,४०० वस्तीचं पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव. चारी बाजूंनी दहा रस्ते येऊन तिथे मिळत, म्हणून दोन्ही फौजा तिथे येऊन भिडल्या. ठरवून निवडलेली रणभूमी नव्हती ती. जूनमध्ये ली आपली फौज घेऊन उत्तरेत घुसला होता. मुलाच्या पुस्तकात बहुधा नसलेली गोष्ट इथे येते. पेनसिल्व्हेनियात गुलामगिरी नव्हती, तिथले काळे लोक स्वतंत्र होते. ली-च्या सैन्याने वाटेत त्यांतल्या अनेकांना, बायका-मुलांसकट, पकडलं आणि गुलाम म्हणून दक्षिणेकडे पाठवलं. बातमी पुढे पोचली तशी गेटिसबर्गमधली काळी कुटुंबं सामान बांधून पळाली. त्यांत एब्राहम ब्रायन नावाचा शेतकरी होता. गावाच्या दक्षिणेला सेमेटरी रिज नावाच्या लांबट उंचवट्यावर त्याची १२ एकर जमीन, घर आणि गोठा होता. फौज पांगल्यावर तो परत आला तेव्हा कुंपणं मोडलेली, पीक तुडवलेलं आणि घराला गोळ्यांची भोकं पडलेली. ते पांढरं लाकडी घर आजही तिथे आहे. हा माणूस लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लढाईचे तीन दिवस तुम्हाला पाठ करायची गरज नाही, ते काम मुलगा करेलच. तुमच्यापुरतं एवढं पुरे. १ जुलैला गावाच्या उत्तर-पश्चिमेला जुंपली. निळी फौज गावातून मागे रेटली गेली, पण गावाच्या दक्षिणेच्या टेकड्या धरून बसली. तिचा सेनापती जॉर्ज मीड याला पद मिळून जेमतेम तीन दिवस झाले होते. २ जुलैला ली-ने तिच्या दोन्ही टोकांवर हल्ले केले. ३ जुलैला त्याने थेट मधोमध सुमारे साडेबारा हजार माणसं उघड्या शेतातून चालत पाठवली. लाँगस्ट्रीट या त्याच्या हाताखालच्या सेनापतीला हे अजिबात पसंत नव्हतं. या हल्ल्याला पिकेट या दक्षिणेच्या सेनानीचं नाव मिळालं. गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. ४ जुलैला पाऊस लागला आणि ली मागे फिरला.

दुसऱ्या दिवशीची लिटल राउंड टॉप ही टेकडी म्हणजे तुमच्या मुलाची पावनखिंड होणार, आणि होऊ द्या. जॉशुआ चेंबरलेन हा मेन राज्यातल्या कॉलेजातला प्राध्यापक. त्याच्या पलटणीने निळ्या फौजेचं डावं टोक सांभाळलं. काडतुसं संपत आली तेव्हा संगिनी लावून ती उतारावरून खाली धावली. कुठल्याही मुलाला आवडावं असंच आहे हे. फक्त समोरून चढणाऱ्यांनाही थोडी जागा द्या. ती अलाबामाची पलटण त्या दिवशी वीस मैलांहून जास्त चालून आली होती. पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवलेली तिची माणसं परतलीच नाहीत, वाटेत पकडली गेली. बाकीचे तहानलेलेच डोंगर चढले. त्यांचा कर्नल विल्यम ओट्स याचा धाकटा भाऊ तिथेच जबर जखमी झाला आणि पुढे वारला. त्यांची कीव येणं गैर नाही. ती यावी आणि ते जिंकले असते तर काय झालं असतं, हेही मुलाला कळावं.

'निर्णायक' या शब्दाला मात्र जरा लगाम घाला. मुलांच्या पुस्तकांना एकच वळणबिंदू हवा असतो. व्हिक्सबर्ग हे मिसिसिपी नदीकाठचं ठाणं ४ जुलैलाच उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या हाती पडलं आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. गेटिसबर्गइतकंच, किंबहुना माझ्या मते त्याहून जास्त, ते मोलाचं होतं. पण तिथे वेढा होता, धावाधाव नव्हती, म्हणून त्याची प्लॅस्टिकची खेळणी कमी खपतात. ली मागे हटला तरी त्याचा पाठलाग करून फौज संपवली नाही म्हणून लिंकन मीडवर नाराज होता, आणि युद्ध पुढे आणखी पावणेदोन वर्षं चाललं.

धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे, आणि ते तसंच द्या. तीन दिवसांत सुमारे ५१ हजार हा आकडा सगळीकडे दिसेल; तो मृतांचा नाही, त्यात मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता सगळे येतात. जागीच मेले ते सात हजारांच्या वर. सात वर्षांच्या मुलीला यातला एकही आकडा सांगू नका. तिला एमॉस हमिस्टनची गोष्ट सांगा. लढाईनंतर गावात एका निळ्या सैनिकाचा मृतदेह सापडला. अंगावर नाव-गाव काही नाही, हातात काचेवर काढलेला तीन लहान मुलांचा फोटो. तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापता येत नसत. म्हणून फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने त्या फोटोचं वर्णन छापलं: मुलं साधारण किती वर्षांची, कोण कुठे बसलंय, मोठ्या मुलाचा सदरा आणि मुलीचा फ्रॉक एकाच कापडाचा. मजकूर दुसऱ्या वर्तमानपत्रांनी उचलला. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात फिलिंडा हमिस्टन या बाईने तो वाचला आणि तिला ओळख पटली. एकाच कापडाचे कपडे तुमच्या मुलीला कळतील. दिवाळीत तिने आणि दादाने घातले असतीलच. त्यानंतर ती जे विचारेल तेवढ्याचं उत्तर द्या आणि थांबा. आपण मोठे एका प्रश्नाला दहा उत्तरं देतो, पोर घाबरतं ते तिथे.

जेनी वेडची गोष्ट मोठ्यासाठी ठेवा. ती २० वर्षांची होती, बाळंतीण बहिणीच्या घरी सैनिकांसाठी पावाचं पीठ मळत होती, आणि ३ जुलैच्या सकाळी दारातून आलेल्या गोळीने गेली. लढाईत थेट मारली गेलेली गावातली ती एकटीच. टिली पियर्स तेव्हा १५ वर्षांची होती. सुरक्षित म्हणून तिला गावाबाहेरच्या शेतघरात पाठवलं आणि ते नेमकं टेकडीच्या मागे निघालं. ती सैनिकांना पाणी पाजत राहिली, जखमींच्या मदतीला थांबली, आणि पुढे मोठेपणी तिने सगळं लिहून काढलं. मुलांना मुलांचं लिहिलेलं आवडतं. लायब्ररीत सापडलं तर आणा.

हॉलमधली फौज उचलू नका. तिच्यात भर घाला. ब्रायनचं घर खोक्याचं करता येईल, पळून जाणारं कुटुंब रस्त्यावर ठेवता येईल, पाण्याच्या बादल्या घेऊन टिली उभी करता येईल. बहिणीलाही खेळात काम मिळेल. 'किती मेले' हा स्कोअर ठेवायचा नाही, एवढा एकच नियम करा.

आता 'आपण कुठल्या बाजूला होतो' हा प्रश्न. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. आपण तिथे नव्हतो हे खरं, पण आपण त्यातून सुटलोही नव्हतो. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातून येई. १८६१ पासून लिंकनच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, कापूस अडकला, आणि गिरणीवाल्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे ते भाव आले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचं वेड लागलं, समुद्र भरून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये ली शरण आला, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतल्या कितीतरी कंपन्या आणि बँका बुडाल्या. याच तेजीत अफाट कमावलेल्या आणि नंतर बुडालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. म्हणजे गेटिसबर्गला तोफा चालत होत्या तेव्हा मुंबईतल्या कापूसवाल्यांना युद्ध लांबलेलं हवंच होतं. हे मुलाला जरूर सांगा. बाजू नेहमी झेंड्यानेच ठरते असं नाही.

त्याच वेळी दुसरंही एक नातं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं. काळ्या लोकांच्या गुलामगिरीच्या प्रश्नात त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दलचा आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा म्हणून. गेटिसबर्गनंतर अवघ्या दहा वर्षांनी पुण्यातला एक माणूस त्या युद्धाकडे बघून आपल्या समाजाला हिशेब विचारत होता. तुमचा जन्म कुठल्या घरात झाला त्यावर या अर्पणपत्रिकेची झळ कमी-जास्त लागेल. तरी मुलाला पूर्ण सांगा, अर्धवट नको. आजोबांनाच हे काम द्या. साताऱ्याच्या माणसाला फुल्यांचं मूळ गाव कटगुण कुठे आहे ते सांगावं लागणार नाही, आणि एखाद्या रविवारी पानिपताऐवजी हा विषय निघाला तर पानिपत काही रागावणार नाही.

सहलीबद्दल. रणभूमीवर फिरायला तिकीट नाही, संग्रहालयाला आहे. तिथे १,३०० च्या आसपास स्मारकं आहेत. सगळी बघायला गेलात तर सातवीच्या आधीच मुलगी इतिहास सोडून देईल. मी असं सुचवेन: व्हर्जिनियाच्या स्मारकापासून निघा. त्यावर घोड्यावर बसलेला ली आहे. मुलाला फोटो हवाच असणार, काढू द्या. तिसऱ्या दिवशी पिकेटची माणसं तिथूनच निघाली. तिथून समोरच्या सेमेटरी रिजपर्यंत शेतातून पायवाट आहे, जेमतेम मैलभर. ती चाला. आडोसा कुठेच नाही हे नकाशावर कळत नाही, पायांना कळतं. वर पोचलात की दगडी बांध लागेल, आणि डावीकडे थोडं गेलं की एब्राहम ब्रायनचं घर. ली-च्या पुतळ्यापासून ब्रायनच्या दारापर्यंत, एवढंच एका सकाळी झालं तरी चालेल. तिथे काही समजावून सांगू नका. घर कुणाचं, ते मुलालाच बहिणीला सांगू द्या.

दुपारी डेव्हिल्स डेनचे खडक, पोरं चढणारच. तिथल्या दगडी आडोशात मरून पडलेल्या नेमबाजाचा एक प्रसिद्ध फोटो आहे. फोटोग्राफरने मृतदेह दुसरीकडून उचलून तिथे आणून ठेवला होता, हे अभ्यासकांनी दोन्ही जागा ताडून दाखवलंय. दहा वर्षांच्या मुलाला जुना फोटोसुद्धा तपासायचा असतो हे शिकवायला याहून चांगली जागा नाही. (फोटो बहिणीला दाखवू नका.) तिच्यासाठी पेनसिल्व्हेनियाच्या ११व्या पलटणीच्या स्मारकापाशी सॅली नावाची कुत्री आहे, ब्राँझची, लढाईत ती आपल्या जखमी सैनिकांपाशी बसून राहिली होती. लोक तिच्यापुढे बिस्किटं ठेवून जातात.

शेवटी सैनिकांची दफनभूमी. लिंकनने १९ नोव्हेंबर १८६३ ला तिथे केलेलं भाषण पावणेतीनशे शब्दांच्या आसपास आहे, दोन-तीन मिनिटांत होतं. मुलाला मोठ्याने वाचू द्या. त्यात गुलामगिरी हा शब्द एकदाही येत नाही; तो का नसावा, हे परतीच्या गाडीत विचारा आणि त्याला जे वाटेल ते बोलू द्या. तिथल्या बऱ्याच सैनिकांना शेतातल्या खड्ड्यांतून काढून नीट पुरायचं काम बेसिल बिग्ज या गावच्याच काळ्या शेतकऱ्याने माणसं लावून केलं होतं, तेही सांगा.

जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत जाऊ नका, वार्षिक दिनाची गर्दी असते. त्यापुढच्या आठवड्यात सकाळी लवकर पोचा, टोप्या आणि भरपूर पाणी ठेवा, आणि संग्रहालयात शिरल्या शिरल्या दोघांनाही ज्युनिअर रेंजरची वही मागून घ्या. भरून दिली की बॅज मिळतो. मुलगी दादाच्या आधी पूर्ण करेल अशी माझी पैज आहे.